सतराव्या प्रश्नाचं दुसरं उत्तर

मी एक जुनी पितळी नळी आहे, खडू धरायची. लांबी माणसाच्या मधल्या बोटाहून थोडी जास्त. मागच्या टोकाला खटका आहे. तो दाबला की माझं तोंड उघडतं आणि खडू पुढे सरकतो, सोडला की तोंड मिटतं. एवढ्याशा कामात सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण मित्रांनो, ज्या बोटांत माझी हयात गेली ती बोटं घटकाभर स्वस्थ बसणारी नव्हती, त्यामुळे मलाही कधी स्वस्थता लाभली नाही. आत्ता तुमच्याशी बोलतानाही माझी स्प्रिंग आतल्या आत वळवळते आहे.

माझा जन्म देगू शहरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. लेथवर मला घडवणारा म्हातारा कारागीर दिवसभर रेडिओवर बेसबॉल ऐकत असे. माझी स्प्रिंग बसवताना त्याच्या आवडत्या संघाने सामना घालवला असावा, कारण त्याने चुकून एक माप मोठी स्प्रिंग घातली. दाबून पाहिल्यावर तो म्हणाला, "ताठ झालाय खटका. जाऊ दे, मास्तर लोकांचे अंगठे दणकट असतात." असा माझा स्वभाव ठरला. मी मुळातच जरा ताठ आणि उतावळी आहे, आणि तो दोष माझा नाही.

तिथून मी चुंजूला आले. तिथल्या मुलींच्या एका हायस्कूलात बांगबाई गणित शिकवायच्या. पूर्ण नाव बांग म्योंगसुक. खडूने त्यांच्या बोटांना भेगा पडत, म्हणून शाळा सोडून जाणाऱ्या मुलींनी वर्गणी काढून शिक्षकदिनी मला त्यांच्या हाती दिलं. त्या काळी अशी भेट देता येत असे. आता कायदा असा आहे की एखादीने कॉफीचा डबा पुढे केला तरी बाई दोन पावलं मागे सरकतात आणि "मला नोकरीवरून काढायचा विचार आहे का गं?" असं विचारतात.

बांगबाई म्हणजे उंचीने बेताच्या, चालायला मात्र वाऱ्यासारख्या. सपाता फटफट वाजवत त्या जिन्याने वर जात, आणि तो आवाज ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या मुली फोन पिशवीत टाकत. वर्गात शिरल्या की पहिलं वाक्य ठरलेलं. "रोलर काढा." मुलींच्या कपाळावरच्या केसांत गुलाबी रोलर गुंडाळलेले असत. वर्गात चालतील, रस्त्यात चालतील, पण फोटोत बट वळलेली दिसली पाहिजे, असा त्यांचा हिशेब. कोणी मांडीवर पांघरूण घेऊन, मानेखाली उशी घालून सरळ झोपलेली असे. तिच्या बाकाजवळ जाऊन बाई माझा खटका तीनदा वाजवत. खट, खट, खट. पोरगी दचकून उठे आणि झोपेतच म्हणे, "उत्तर दोन!" सगळा वर्ग हसे.

माझं कौतुकही खूप झालं. बाई कंपास न लावता फळ्यावर वर्तुळ काढत आणि ते इतकं गोल येई की मागच्या बाकावरून टाळ्या पडत. टाळ्या बाईंना, पण फळ्याला टेकलेली मी होते, हे मी विसरले नाही. मग उपेक्षेचे दिवसही आले. वर्गात काचेचा मोठा पडदा बसला. बोटाने लिहायचं, बोटाने पुसायचं. मी दोन वर्षं टेबलाच्या खणात वाळलेल्या शाईच्या डबीशेजारी पडून होते. जिनसेंगच्या गोळ्यांचे कागद अंगावर चिकटलेले. मित्रांनो, ज्याला हालचालीची सवय आहे त्याला खणातला अंधार फार जड जातो. मी रडले नाही, कारण नळीला रडता येत नाही. शेवटी बाईच कंटाळल्या. "या काचेवर माझं डोकंच चालत नाही," म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं आणि बाजूच्या हिरव्या फळ्याकडे वळल्या. त्या दिवशी मी चार खडू संपवले.

बाईंचा एक अभिमान होता. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या प्रश्नपत्रिकेत एकही प्रश्न चुकीचा निघाला नव्हता. आमच्याकडे ही साधी गोष्ट नाही. शाळेच्या परीक्षेतला एकेक गुण मुलींच्या पुढच्या प्रवेशाला लागतो. एका इयत्तेत दोनशे मुली असतील तर पहिल्या आठ जणींनाच पहिली श्रेणी. नवव्या मुलीने कितीही रडून सांगितलं तरी ती दुसरीत. त्यामुळे प्रश्न चुकला की तक्रारी होतात, फेरपरीक्षा होते, आया शाळेत येऊन बसतात.

दोन वर्षांपूर्वी बाईंच्या शेजारच्या टेबलावरच्या प्यो सरांचं असंच झालं होतं. तरुण माणूस, ऐन वेळी प्रश्नातला एक आकडा बदलला आणि प्रश्न मोडला. सगळ्या शिक्षकांसमोर बाईंनी त्यांना सुनावलं, "आकडा बदलला की प्रश्न पहिल्यापासून सोडवायचा. हे पहिलीतल्या पोराला कळतं!" सर मान खाली घालून उभे होते. मी बाईंच्या खिशात होते आणि मलाही ते बोलणं जरा जास्त झालं असं वाटलं. पण माझं मत कोण विचारतो?

आता बाईंचा तो अभिमान गेला त्या वर्षाची गोष्ट सांगते. उन्हाळ्याच्या सुट्टीआधीची अकरावीची परीक्षा. प्रश्नपत्रिका छापायला जायच्या दिवशी सकाळी प्यो सर एक कागद घेऊन आले. स्टँडजवळच्या एका क्लासवाल्यांनी मुलींना वाटलेला अपेक्षित प्रश्नसंच होता.

"बाई, हे बघा. यांचा बारावा आणि आपला सतरावा, त्रिकोणाची तिसरी बाजू काढायचा. बाजू आठ आणि तेरा, कोन साठ अंश. आकड्यांसकट तोच!"

बाईंचा चेहरा उतरला. क्लासच्या कागदातला प्रश्न जसाच्या तसा परीक्षेत आला तर तो फुटला असंच लोक म्हणणार. छपाईवाला दारात उभा होता. बाईंनी माझा खटका दोनदा दाबला, आणि तेराच्या जागी सात लिहिला. पाच, सात, आठ या बाजूंच्या त्रिकोणात एक कोन साठ अंशांचा असतो, हे गणिताच्या शिक्षकाला आपल्या फोन नंबरासारखं पाठ असतं. उत्तर पंधराऐवजी पाच. पर्याय तीन, चार, पाच, सहा, सात. झालं काम. बाईंनी प्रश्न पुन्हा सोडवला नाही. गरजच काय होती, असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

परीक्षा गुरुवारी झाली. उत्तरं लगेच भिंतीवर लागली. तक्रार करायची मुदत शुक्रवारी दुपारी चारपर्यंत होती. मुलींनी तिसऱ्या प्रश्नाची तक्रार केली, अकराव्याची केली, सतराव्याची एकीनेही केली नाही. क्लासवाल्यांनी आपल्या उत्तरांच्या यादीत सतराव्यापुढे पाचच लिहिलं होतं. त्यांनाही पाच, सात, आठ पाठ होतं.

शुक्रवारी तिसऱ्या तासाला बाई अकरावीच्या तिसऱ्या तुकडीवर प्रश्नपत्रिका सोडवून दाखवत होत्या. सतरावा आला. बाईंनी मला फळ्यावर टेकवलं. खाली आडवी रेघ, डाव्या टोकाला साठ अंशांचा कोन, तिथून वर गेलेली आठ लांबीची तिरकी बाजू. आता त्या बाजूच्या शेंड्यापासून खालच्या रेघेपर्यंत सात लांबीची रेघ सोडायची. हात घाईत होता. रेघ जिथे पडायला हवी त्याच्या थोडी अलीकडेच पडली. बाईंनी डस्टर उचललं, आणि तसंच हातात धरून थांबल्या.

रेघ चुकीच्या जागी पडली नव्हती. तिथेही ती सातच लांबीची होती.

मित्रांनो, समजायला अवघड नाही. दोरीला बांधलेला दगड उंच जागेवरून खाली सोडा. दोरी जमिनीपर्यंतच्या सरळ अंतरापेक्षा जराशी लांब असेल तर दगड जमिनीला दोन ठिकाणी टेकू शकतो, एकदा अलीकडे आणि एकदा पलीकडे. एक जागा पाचवर होती, दुसरी तीनवर. तेरा लांबीची रेघ कोनाच्या त्या बाजूला एकाच जागी टेकली असती. सातने दोन जागा उघडल्या. आणि तीन हा आकडा पर्यायांत पहिला होता.

माझा खटका वाजला. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. पुढच्या बाकावर वर्गप्रमुख इम चेवन बसली होती. हुशार, नीटनेटकी, तीन रंगांची पेनं बाळगणारी. ती म्हणाली, "बाई, पाच ना?"

बाईंनी सगळी आकृती पुसली. "हा सगळ्यांना आलाय. पुढचा घ्या."

मी हादरले. बाई खोटं बोलल्या होत्या, आणि ते माझ्या तोंडातल्या खडूची भुकटी अजून खाली पडत असताना.

तास संपल्यावर बाई जिन्याने खाली न जाता वर गेल्या, मग खाली, मग परत वर. टेबलाशी बसून त्यांनी सगळं कागदावर मांडलं. तीन आणि पाच. दोन्ही बरोबर. मग त्यांनी संगणकावर उत्तरांचा तक्ता उघडला. तीनवर खूण केलेल्या अकरा मुली होत्या. त्यांचे प्रत्येकी चार पूर्णांक सात दशांश गुण गेले होते. बाईंनी ते गुण मिळवून नावं पुन्हा क्रमाने लावून पाहिली. बे दोही अकराव्या क्रमांकावरून सातवी येत होती. आणखी एक मुलगी वर सरकत होती. आणि आठव्या क्रमांकावरची इम चेवन दहावी होत होती. पहिल्या श्रेणीतून बाहेर. चेवनला औषधनिर्माणशास्त्राला जायचं होतं, आणि एका दुसऱ्या श्रेणीने तिथलं दार बंद होऊ शकतं हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते. चारला मुदत संपणार, गुणांची यादी बंद होणार, मग कोणालाच काही विचारता येणार नव्हतं. बाईंनी फक्त गप्प राहायचं होतं. मी त्यांच्या मुठीत होते.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्टीलच्या ताटात भात घेतला आणि तसाच परत ठेवला. जेवणानंतर मुली वर्ग झाडायला लागल्या. बे दोही मोरीपाशी पोछा पिळत होती. चेवनच्याच बाकावर बसणारी ही पोरगी. दोघींचं गूळपीठ.

बाई तिच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "दोही, सतराव्याला तीन का लिहिलंस गं?"

दोही बावरली. "चुकलंच ना बाई ते."

"ते नाही विचारलं. तीन आलं कसं?"

"मला ना, दोन्ही आली. तीन पण आणि पाच पण. दहा मिनिटं बघत बसले. म्हटलं काहीतरी अट दिलेली असणार, मलाच दिसत नाहीये. शेवटी वेळ संपत आली, मग डोळे मिटून तीनवर खूण केली."

"मग कालपासून विचारलं का नाहीस? तक्रारीचा कागद भिंतीवर लावलाय तो काय शोभेला?"

दोही हसली. पोछ्याचं पाणी तिच्या मोज्यांवर गळत होतं. "तुमच्या प्रश्नाची तक्रार? तुमचं कुठे चुकतं बाई! अठ्ठावीस वर्षं..."

बाईंनी माझा खटका दाबून तसाच धरून ठेवला. माझ्या तोंडातला खडू निसटून मोरीत पडला आणि पाण्यात भिजत राहिला. ती पोर बाईंवर विश्वास ठेवून स्वतःला मठ्ठ समजत होती. मला बाईंचा इतका राग आला आणि इतकी कीवही आली की काय सांगू.

शिक्षकांच्या खोलीत प्यो सर किम्बाप, म्हणजे भाताचा रोल, खात बसले होते. बाईंनी कागद त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी वाचला. चावायचे थांबले.

"तेराचा सात केला तेव्हा..." ते म्हणाले.

"हो."

"पुन्हा सोडवला नव्हता?"

"नाही."

सरांनी किम्बाप बाजूला ठेवला. बाईच म्हणाल्या, "म्हणा ना. पहिलीतल्या पोराला कळतं."

"बाई, मी काही..."

"तुम्ही नाही म्हणणार, माहीत आहे मला. मी म्हणाले होते, सगळ्यांसमोर. तेव्हा तुम्हाला काय झालं असेल ते मला आज बारा वाजल्यापासून कळतंय."

सरांनी हात पुसले आणि अख्खी प्रश्नपत्रिका ओढून घेतली. "तुम्ही उपमुख्याध्यापकांकडे जा. मी एकवीसच्या एकवीस प्रश्न नव्याने सोडवतो. तुमचा पेपर तपासायची संधी रोज थोडीच मिळते?"

उपमुख्याध्यापक कुक सर वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांच्या पोटात आम्लपित्त होतं आणि फोन वाजला की ते वाढत असे. बाईंचं सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"कोणी तक्रार केलीय?"

"नाही."

"मग तुम्ही का उकरून काढताय, बांगबाई? मुली खूश, पालक खूश, क्लासवालेसुद्धा गप्प. हे काढलंत तर त्या आठव्या मुलीची आई उद्या सकाळी इथे, या खुर्चीत बसलेली असेल. तिला काय सांगू मी?"

"बे दोहीच्या आईला काय सांगणार?"

"ती विचारायलाच येणार नाही!"

"म्हणूनच तर."

कुक सरांनी खणातून तक्रारीचा कोरा अर्ज काढला. "नियमाने विद्यार्थिनीची सही लागते. एकीने अर्ज दिला तर मी गणिताच्या शिक्षकांची बैठक बोलावतो. नाही दिला तर चार वाजता यादी बंद. यापुढे मला यात ओढू नका."

सातवा तास प्यो सरांचा होता, तिसऱ्या तुकडीवरच. त्यांनी तो बाईंना दिला. तीन वाजून पाच मिनिटांनी बाई वर्गात शिरल्या आणि रोलर काढा असं म्हणाल्याच नाहीत. मुलींना तेव्हाच कळलं की काहीतरी बिनसलंय.

मला हातात घेऊन बाईंनी पुन्हा तोच कोन काढला, तीच आठची बाजू. मग सातच्या दोन रेघा सोडल्या, एक अलीकडे आणि एक पलीकडे. दोन्हींवर सात लिहिलं. वर्गात कुजबुज झाली आणि थांबली.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "मी आकडा बदलला आणि पुन्हा सोडवून पाहिलं नाही. सकाळी इथेच मला ते दिसलं, आणि मी तुमच्यासमोर आकृती पुसली. ती पहिलीहून मोठी चूक आहे." आणि मित्रांनो, बाई कमरेत वाकल्या. मुख्याध्यापकांपुढेही त्या एवढ्या वाकत नसत. "ज्यांनी तीन लिहिलंय त्यांचंही उत्तर बरोबर आहे. हा अर्ज. त्यांपैकी कोणीही एकीने सही करायची आहे, चारच्या आत."

अर्ज पहिल्या बाकावर ठेवला गेला. वर्गात तीन लिहिलेल्या चौघी होत्या. कोणी उठेना. चौघींनाही कोण आठवी आहे ते तोंडपाठ होतं. दोही आपल्या नखांकडे बघत होती.

चेवन उभी राहिली. तिने मनातल्या मनात गुण मिळवून पाहिले होते, तिच्या ओठांवरून कळत होतं. "बाई, कोणी विचारलंच नव्हतं ना?"

"नाही."

"मग का सांगितलंत?" तिचा आवाज चढला. "मी पाचच लिहिलंय. माझं तर बरोबरच आहे ना? मी काय केलंय?"

"तू काहीच केलेलं नाहीस."

"मग मला का?"

बाईंचा अंगठा माझ्या खटक्यावर होता, पण खटका वाजला नाही.

"चेवन, मी सही करत नाही हं," दोही घाईघाईने म्हणाली. "खरंच नाही करणार. मला नकोत ते गुण."

त्यावर चेवन तिच्यावरच उखडली. "मला तुझी दया नकोय! बस खाली!" आणि ती डोकं बाकावर टेकून रडायला लागली. तिच्या पाठीवर हात ठेवायला कोणी धजेना. मी आजवर खूप मुलींना रडताना पाहिलं आहे, पण ते रडणं माझ्या पितळेच्या आरपार गेलं.

पावणेचार वाजले. बाईंनी अर्ज उचलला. तिथेच उभ्याने, फळ्याच्या कडेला कागद धरून, त्यांनी अर्जदाराच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. इयत्ता, तुकडी आणि हजेरी क्रमांक या रकान्यांत रेघ मारली. कारण या रकान्यात लिहिलं, "प्रश्न चुकीचा आहे. मी तो काढला आहे." मग सपाता फटफटवत त्या जिना उतरल्या. खाली प्यो सर कागदांचा गठ्ठा घेऊन उभेच होते. "बाकीचे वीस बरोबर आहेत बाई. आठव्यात एक स्वल्पविराम कमी आहे."

कुक सरांनी अर्ज वाचला. "ही विद्यार्थिनीची सही नाही."

"नाही."

"नियमात बसत नाही."

"मग नियमात बसत नाही असं त्यावर लिहून सही करा. मी तो कागद भिंतीवर लावते."

कुक सरांनी घड्याळ पाहिलं. चारला चार मिनिटं कमी होती. त्यांनी आधी आम्लपित्ताची गोळी घेतली, मग शिक्का काढला, शाईवर दाबला आणि अर्जावर मारला. "बैठक सव्वाचारला," ते म्हणाले. "आणि उद्या त्या खुर्चीसमोर तुम्ही बसायचं, मी नाही."

दुसऱ्या दिवशी बाई बसल्या. चेवनची आई सव्वा तास बोलली, बाईंनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. यादी बदलली. दोही सातवी झाली, चेवन दहावी. बाईंच्या नोंदीत ताकीद लिहिली गेली. चेवन आणि दोही वेगवेगळ्या बाकांवर बसायला लागल्या. बाई वर्गात आल्या की चेवन खिडकीबाहेर बघे. बाईंना ते लागत होतं. घरी गेल्यावरही त्या मला पर्समधून काढून खटका वाजवत बसत, आणि त्यांचे यजमान टीव्ही बघता बघता म्हणत, "अगं ते खट खट बंद कर, नाहीतर मी बाहेर जातो."

मात्र वर्गात एक नवीनच त्रास सुरू झाला. ज्या वर्गात बाईंचा शब्द म्हणजे शेवटचा, त्या वर्गात मुली आता कशावरच विश्वास ठेवेनात. उत्तर लिहिलं की मागून आवाज यायचा, "बाई, दुसरं नाही ना?" समीकरण सोडवलं की, "हे उलटं घालून बघूया का?" चाळीस मिनिटांत जिथे सहा उदाहरणं व्हायची तिथे तीन व्हायला लागली. बाई वैतागत. "अगं, दोन अधिक दोन चारच होतात, त्यावर तरी विश्वास ठेवा!" तरी पोरी ऐकत नसत. झोपणारीही उठून बसली होती. खरं सांगते, वर्ग इतका बेचैन मी कधी पाहिला नव्हता, आणि मला तो फार आवडला.

शरद ऋतूतल्या परीक्षेनंतरची गोष्ट. बाई एकोणिसावा प्रश्न सोडवत होत्या. उत्तर आलं. तेवढ्यात खिडकीकडच्या बाकावरून हात वर झाला. चार महिन्यांत पहिल्यांदाच. चेवनचा.

"हे एकच उत्तर आहे कशावरून?"

"ये. तूच दाखव," म्हणून बाईंनी मला पुढे केलं.

चेवन आली. तिचा हात थंड होता. तिने माझा ताठ खटका इतक्या जोरात दाबला की खडू उडून पहिल्या बाकावर पडला. मुली हसल्या, तीही जराशी हसली, मग लगेच तोंड गंभीर केलं. सात मिनिटं ती लिहीत होती. फळा भरला. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या.

"तिसरी ओळ. चिन्ह चुकलंय," बाई म्हणाल्या.

चेवनने तिसरी ओळ पाहिली. वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. पूर्वीची चेवन असती तर तिने मुकाट्याने चिन्ह बदललं असतं. ती वळून म्हणाली, "नाही बाई. बरोबर आहे. तुम्ही नीट बघा."

बाईंनी चष्मा लावला आणि फळ्याजवळ गेल्या.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "माझंच चुकलं."

"मी अजून चिडलेलीच आहे," चेवन हळूच म्हणाली.

"राहा. पुढची ओळ लिही."

मित्रांनो, माझ्या जातीच्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे मागतात की आम्हाला जपा, फेकू नका. मला कसंही ठेवा, मी पितळ आहे, टिकेन. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या शाळेत, घरात एखादं माणूस असेल, ज्याचं कधीच चुकत नाही असं सगळे म्हणतात. त्याला जपा. त्याने सांगितलेलं उत्तर स्वतः एकदा करून बघा, आणि वेगळं आलं तर त्याच दिवशी त्याला जाऊन विचारा. दोहीने गुरुवारी विचारलं असतं तर बाईंना शुक्रवारी आकृती पुसावी लागली नसती.